कोरड्या हवेतला फ्रेटबोर्ड : इलेक्ट्रिक गिटारसाठी लाकडाची निवड

फ्रेटबोर्ड म्हणजे काय

इलेक्ट्रिक गिटारच्या नेकवर, तारांच्या खाली, पाच-सहा मिलिमीटर जाडीची एक लांबट अरुंद फळी चिकटवलेली असते. तिच्यात आडव्या खाचा पाडून धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवतात. वादकाने दोन फ्रेटच्या मधे बोट दाबले की तार पुढच्या फ्रेटवर टेकते, तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. या फळीला फ्रेटबोर्ड म्हणतात. नटजवळ, म्हणजे वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, तिची रुंदी ४२-४३ मिलिमीटर आणि शेवटच्या फ्रेटपाशी सुमारे ५६ मिलिमीटर असते. तिचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला किंचित गोलाई दिलेली असते. जुन्या फेंडर गिटारांत या गोलाईची त्रिज्या १८४ मिलिमीटर होती. गिब्सनच्या गिटारांत ती साधारण ३०५ मिलिमीटर असते.

वेगळी फळी चिकटवलीच पाहिजे असा नियम नाही. फेंडरने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारांत मेपलचा नेक अखंड होता आणि फ्रेट थेट त्यातच बसवले होते. बोटांच्या घामाने वरचा लॅकरचा थर झिजून फिकट मेपल मळकट दिसू लागे. १९५८-५९ पासून फेंडरने मेपलच्या नेकवर गडद रोझवूडची फळी चिकटवायला सुरुवात केली. तेव्हापासून फ्रेटबोर्डच्या लाकडाची निवड हा इलेक्ट्रिक गिटारच्या बांधणीतला स्वतंत्र प्रश्न झाला.

खाचांचे गणित

गिटारचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. प्रत्येक फ्रेटवर तारेची उरलेली लांबी १.०५९४६ या गुणोत्तराने कमी होते. फेंडरच्या ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. एकविसाव्या आणि बाविसाव्या फ्रेटमधले अंतर जेमतेम १०.८ मिलिमीटर उरते. मिरजेच्या सतारीत परदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते वरखाली सरकवता येतात. गिटारचे फ्रेट एकदा बसले की सरकत नाहीत. त्यामुळे हे गणित वर्षानुवर्षे जसेच्या तसे धरून ठेवणे हे या लाकडाचे पहिले काम आहे. लाकडाच्या रचनेची त्याला साथ आहे: तंतूंच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही, आणि फ्रेटमधली अंतरे त्याच दिशेने मोजलेली असतात. अडचण येते ती रुंदीच्या दिशेने.

बीडची हवा आणि लाकडाची हालचाल

लाकूड वाळले तरी हवेशी त्याची देवाणघेवाण थांबत नाही. हवा दमट झाली की ते पाणी शोषून फुगते, कोरडी झाली की पाणी सोडून आकसते. मराठवाड्यातला बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टच्या सकाळी तीच ऐंशीच्या घरात असते. बहुतेक गिटार-कारखान्यांत हवा वर्षभर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर राखलेली असते. त्या हवेत घडलेले वाद्य माजलगावच्या किंवा आष्टीच्या एखाद्या घरात उन्हाळा काढते, तेव्हा त्याच्या लाकडाला अशा कोरडेपणाला तोंड द्यावे लागते ज्याचा विचार कारखान्यात झालेलाच नसतो.

परिणाम आकड्यांत सांगता येतो. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत, वाढीच्या वलयांना समांतर दिशेने, शिसव (भारतीय रोझवूड) सुमारे ५.९ टक्के आकसते, मेपल ९.९ टक्के आणि आफ्रिकी एबनी १०.८ टक्के. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण ऋतुबदलामुळे चार टक्क्यांनी घटले असे धरले, तर ५६ मिलिमीटर रुंदीची मोकळी फळी शिसवाची असल्यास सुमारे ०.४४ मिलिमीटर, मेपलची असल्यास ०.७४ आणि एबनीची असल्यास ०.८१ मिलिमीटर अरुंद होईल. नेकला चिकटवल्यामुळे ही हालचाल काहीशी अडते, तरी थांबत नाही. धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत. त्यांची टोके दोन्ही कडांना लाकडाबाहेर डोकावू लागतात आणि नेकवरून हात फिरवताना तळव्याला खुपतात. उन्हाळ्यात अनेक वादक ‘फ्रेट वर आले’ अशी तक्रार करतात. प्रत्यक्षात फ्रेट जागेवरच असतात, आत सरकलेले असते ते लाकूड.

दुसरा परिणाम नेकच्या बाकावर होतो. नेक आणि फ्रेटबोर्ड वेगवेगळ्या लाकडांचे असतील तर दोन्ही सारख्या प्रमाणात हलत नाहीत. त्यातच सहा तारांचा मिळून ४५ ते ५० किलोचा ताण नेकला सतत पुढे ओढत असतो. नेकच्या आत बसवलेला ट्रस रॉड पिळून हा बाक दुरुस्त करता येतो. पण फळीला पीळ पडला तर त्यावर ट्रस रॉडचा इलाज चालत नाही. म्हणून मराठवाड्यासारख्या प्रदेशात लाकडाची स्थिरता हा निवडीचा पहिला निकष मानावा लागतो. रंग आणि नाद त्यानंतर.

अरीय आणि स्पर्शीय छेद

एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या वागू शकतात, कारण ओंडका कोणत्या दिशेने चिरला आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरलेल्या फळीला अरीय छेदाची फळी म्हणतात. तिच्या टोकाला वाढीची वलये उभी दिसतात. वलयांना स्पर्श करत चिरलेली फळी स्पर्शीय छेदाची. तिच्या टोकाला वलये आडवी पसरलेली दिसतात. अरीय छेदाची शिसवाची फळी रुंदीत हलते ती वरच्या हिशेबाने ०.४४ मिलिमीटरऐवजी फक्त ०.२० मिलिमीटर. मेपलमध्येही हालचाल निम्म्यावर येते. एबनीत मात्र फारसा फरक पडत नाही, कारण ते अरीय दिशेनेही सुमारे ८.३ टक्के आकसते. थोडक्यात, साध्या दिसणाऱ्या पण अरीय चिरलेल्या शिसवाची फळी ही नक्षीदार स्पर्शीय फळीपेक्षा कोरड्या हवेत कितीतरी अधिक विश्वासाची. दुकानात नजर आधी नक्षीवर जाते, म्हणून फळीचे टोक पाहण्याची सवय महत्त्वाची.

कठीणपणा आणि छिद्रे

तार दाबताना, विशेषतः ती बाजूला खेचताना, बोट आणि नख लाकडाला घासतात. मऊ लाकडात काही वर्षांत खड्डे पडतात. लाकडाचा कठीणपणा जान्का चाचणीने मोजतात: ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्धा रुतवण्यासाठी किती बल लागते ते पाहायचे. साखरी मेपलला सुमारे ६,४५० न्यूटन, शिसवाला १०,८५०, आफ्रिकी एबनीला १३,७०० न्यूटन बल लागते. फ्रेटची खाच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी रुंद असते आणि फ्रेटच्या तळाचा दातेरी भाग तिच्यात घट्ट बसावा लागतो. लाकूड मऊ असेल तर ही पकड सैल होते, फार ठिसूळ असेल तर खाचेच्या कडेचे टवके उडतात. शिसवाची छिद्रे मोठी असल्याने पृष्ठभाग किंचित खडबडीत लागतो. एबनी आणि मेपल गुळगुळीत लागतात. यात चांगले-वाईट असे काही नाही. ही बोटांची आवड आहे.

शिसव

जगाच्या बाजारात ‘इंडियन रोझवूड’ म्हणून विकले जाणारे लाकूड म्हणजे सह्याद्रीत आणि दक्षिण भारताच्या जंगलांत वाढणारे शिसव, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. गिटार-उद्योगाने आधी ब्राझीलचे रोझवूड वापरले. ते दुर्मीळ होऊ लागले तसे १९६० च्या दशकात कारखाने भारतीय शिसवाकडे वळले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या रोझवूडच्या ध्वनिक गिटारांसाठी हा बदल केला. आजही जगातल्या असंख्य गिटारांचे फ्रेटबोर्ड भारतातून गेलेल्या लाकडाचे आहेत, ही गोष्ट भारतीय वादकांना क्वचितच ठाऊक असते.

शिसवाची घनता दर घनमीटरला सुमारे ८३० किलो असते. ते नैसर्गिकरीत्या तेलयुक्त असल्याने घाम झेलते आणि त्यावर लॅकर चढवावे लागत नाही. वर्षातून एकदोनदा तेलाचा हलका हात पुरतो. याच तेलामुळे चिकटवताना मात्र अडचण येते. म्हणून जोडाचा पृष्ठभाग ताजा रंधून किंवा ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावतात. त्याची धूळ त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रासदायक असते, तेव्हा घासकाम करताना मुखपट्टी आवश्यक. फर्निचरच्या दुकानांत मिळणारे उत्तर भारतीय शिसम ही डालबर्जिया सिस्सू ही वेगळी जात आहे. ती वाद्याला निरुपयोगी नाही, पण शिसवापेक्षा फिकट आणि साधारणतः हलकी असते. एकाच्या भावात दुसरे घेऊ नये.

जड, घट्ट लाकडाची वाद्यांशी असलेली सोयरीक या जिल्ह्याला नवी नाही. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांच्यामुळे ज्या पखवाजाचे नाव बीडशी जोडले गेले, त्या वाद्याचे खोडही शिसम, खैर अशा घट्ट लाकडांतून कोरतात. तिथेही झाडाचा कोणता भाग घेतला आणि तो किती वाळला, यावर खोडाचे आयुष्य ठरते.

एबनी आणि टेंभुर्णी

एबनी काळेभोर, घनतेने दर घनमीटरला सुमारे ९५५ किलो आणि पृष्ठभागाने काचेसारखे गुळगुळीत असते. व्हायोलिनपासून महागड्या गिटारांपर्यंत त्याला मान आहे. आज ते प्रामुख्याने मध्य आफ्रिकेतून येते. टेलर या गिटार कंपनीने २०११ पासून कॅमेरूनमधील एक लाकूड-कारखाना भागीदारीत चालवायला घेतला आणि पूर्वी जंगलातच टाकून दिले जाणारे पट्टेरी, राखाडी छटांचे एबनी वापरात आणले. बाजाराला निव्वळ काळ्या रंगाचा हव्यास होता, म्हणून तोवर कितीतरी झाडे तोडून टाकूनच दिली जात. हा बदल या व्यवसायातल्या चांगल्या घडामोडींपैकी एक मानायला हवा. एबनीची मर्यादा वर आलीच आहे: कोरड्या हवेत ते जास्त आकसते आणि त्याला चिरा पडू शकतात.

महाराष्ट्राच्या पानझडी जंगलांत वाढणारी टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू, एबनीच्याच डायोस्पायरॉस प्रजातीतली आहे. तिची पाने विड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तिचा गाभा काळा आणि कठीण असतो. पण हा गाभा बहुधा अरुंद आणि अनियमित निघतो. ४७ सेंटिमीटर लांबीची अखंड, सरळ तंतूंची काळी फळी त्यातून मिळणे फारच अवघड.

मेपल आणि भाजलेले मेपल

मेपल फिकट, चमकदार आणि मजबूत असते. ते घाम शोषते, त्यामुळे त्यावर लॅकर किंवा तत्सम थर लागतोच, आणि तो झिजला की डाग पडतात. अलीकडे मेपल कमी प्राणवायूच्या भट्टीत सुमारे १७० ते २०० अंशांवर तापवून वापरतात. या उष्णतेने लाकडातील पाणी धरून ठेवणारे घटक विघटित होतात, रंग मधासारखा तपकिरी होतो आणि हवेच्या आर्द्रतेला ते पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. बीडच्या उन्हाळ्यासाठी असे मेपल हा शिसवानंतरचा उत्तम पर्याय ठरतो. मात्र ते किंचित ठिसूळ होत असल्याने खाचा पाडताना काळजी लागते.

नादाचा प्रश्न

फ्रेटबोर्डच्या लाकडाने नाद बदलतो, एबनी ‘तेजस्वी’ आणि रोझवूड ‘उबदार’ वाजते, असे सर्रास सांगितले जाते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप लाकडाचे कंपन टिपत नाही. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या पोलादी तारेमुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तीच पुढे ॲम्प्लिफायरकडे जाते. दाबलेली तार स्वर देते ती धातूच्या फ्रेटवरून. सतारीत तुनाच्या लाकडाची दांडी आणि भोपळा नादाला आकार देतात. ध्वनीची वाट तिथे लाकडातून जाते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकूड तारेवर परिणाम करते ते आडवाटेने: नेक स्वतः काही ठरावीक कंप्रतांना हलतो, आणि वाजवलेल्या स्वराची कंप्रता त्याच्याशी जुळली तर तारेची ऊर्जा नेकमध्ये जाते व तो स्वर लवकर विरतो.

जर्मनीत फ्लायशर आणि झ्विकर यांनी १९९० च्या दशकात अशा ‘मृत’ स्वरांचा अभ्यास करून त्यांचा संबंध नेकच्या हालचालीशी जोडला. फ्रान्समध्ये पाटे, ल कारू आणि फाब्र यांनी तर फ्रेटबोर्ड सोडून बाकी सारख्या बांधणीच्या गिटारांवर एबनी आणि रोझवूडचीच थेट तुलना केली. लाकूड बदलल्यास नेकची कंपने बदलतात आणि ठरावीक जागी स्वर टिकण्याच्या वेळेत फरक पडू शकतो, ही बाब खरी. पण एका शब्दात सांगता येईल असा एकेका लाकडाचा ठाम स्वभाव त्यातून हाती लागत नाही. पिकअप, तारांची जाडी आणि ॲम्प्लिफायर यांचा परिणाम याहून कितीतरी मोठा आहे. नादासाठी एबनीचे जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या पिकअपवर खर्च करणे शहाणपणाचे.

लाकूड आणि कायदा

लाकडाची निवड आता केवळ कारागिराच्या हातात राहिलेली नाही. ब्राझीलच्या रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून साइट्स या वन्य जातींच्या व्यापारविषयक करारानुसार सर्वांत कडक बंधने आहेत. २ जानेवारी २०१७ पासून या करारात डालबर्जिया प्रजातीच्या बाकी सर्व जाती, म्हणजे भारतीय शिसवसुद्धा, नियंत्रित यादीत आल्या. सीमेपलीकडे जाणाऱ्या वाद्यांना परवानेपत्रे लागू लागली. परिणामी फेंडरने त्याच वर्षी मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारांवर रोझवूडऐवजी दक्षिण अमेरिकेतील पाऊ फेरो वापरायला सुरुवात केली. वाद्यनिर्माते आणि वादकांनी पाठपुरावा केल्यावर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना या यादीतून सूट मिळाली. ब्राझीलच्या जातीला ती लागू नाही.

याआधी भारतीय फ्रेटबोर्डच एका मोठ्या वादाच्या केंद्रस्थानी होते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. कारणांत भारतातून आलेल्या एबनी आणि रोझवूडच्या फ्रेटबोर्ड-फळ्या होत्या. अमेरिकेच्या लेसी कायद्यानुसार दुसऱ्या देशाचा वनकायदा मोडून आलेले लाकूड बेकायदा ठरते. भारत कमी प्रक्रिया केलेल्या जाड फळ्यांची निर्यात रोखतो आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या पातळ पत्र्यांना वेगळ्या वर्गात टाकतो. फ्रेटबोर्डची फळी नेमकी कोणत्या वर्गात बसते, हा वादाचा गाभा होता. ऑगस्ट २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनीसंबंधी गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय कायद्याचा अर्थ स्पष्ट नसल्याचे मान्य करून त्या फळ्यांबाबतची कारवाई तूर्त थांबवण्यात आली. मधल्या काळात गिब्सनने भाजलेले मेपल आणि कागद व राळेपासून बनवलेले रिचलाइट हे साहित्य वापरले. या नियंत्रणाकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहणे बरोबर नाही: शिसव आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित वर्गात नोंदलेले आहे, आणि ते वाढायला अनेक दशके लागतात.

स्थानिक झाडे

बीड जिल्ह्यात जंगल थोडे आहे. बालाघाटच्या उतारांवर, पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरात काटेरी, खुरटी झाडी आढळते. शेतबांधावर बाभूळ, कडुनिंब, चिंच. बैलगाडीच्या चाकांसाठी आणि नांगरासाठी वापरली जाणारी बाभूळ कठीण आणि टिकाऊ असते. तिच्या जून झाडाच्या गाभ्याचे लाकूड नीट वाळवून अरीय छेदात चिरले तर फ्रेटबोर्डसाठी प्रयोग करण्याजोगे आहे. चिंचेचा गडद गाभाही कठीण, पण तो सहसा लहान असतो आणि तंतू गुंतलेले असल्याने रंधताना उपटतो. खैर आणि दख्खनच्या कोरड्या रानांतला अंजन ही भारतातील अत्यंत जड लाकडे आहेत. अंजन पाण्यात बुडते आणि हत्यारांची धार लवकर घालवते. खैर, अंजन आणि चिंच ही तिन्ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने स्वतःच्या शेतातले झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही.

वाड्यांतून निघालेले जुने शिसव, म्हणजे मोडलेल्या पलंगाचे खूर, दाराच्या फळ्या, देव्हाऱ्याचे तुकडे, हा यापेक्षा चांगला स्रोत आहे. याच हवेत शेकडो ऋतू काढल्याने त्या लाकडाची मोठी हालचाल होऊन गेलेली असते. नवे झाड तोडावे लागत नाही. त्यात लपलेले खिळे आणि बारीक चिरा मात्र तपासाव्या लागतात.

फळी पारखताना

कच्ची फळी साधारण ५१ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड घेतात. तंतू फळीच्या लांबीला समांतर असावेत. ते तिरके कडेबाहेर जात असतील तर फळी पीळ घेते. गाठ नसावी, फिकट रसकाष्ठ नसावे. टोकाला वलये उभी दिसावीत. विकत आणलेली फळी लगेच चिकटवू नये: ज्या खोलीत वाद्य राहणार आहे तिथेच, सगळ्या बाजूंनी हवा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवून, वजन स्थिर होईपर्यंत थांबावे. महिन्याच्या अंतराने काट्यावर वजन करून ते बदलणे थांबले की लाकूड हवेशी समतोल झाले असे समजावे.

पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर फ्रेटची टोके कडेशी बरोबर घासून ठेवली तर मे महिन्यात ती पुन्हा बाहेर येणार. म्हणून बीडसारख्या ठिकाणी खाचा पाडणे आणि फ्रेट बसवणे कोणत्याही ऋतूत करता आले, तरी कडांचे अंतिम घासकाम मार्च ते मे दरम्यान करावे. तेव्हा लाकूड आपल्या सर्वांत अरुंद मापावर असते. पावसाळ्यात ते फुगेल तेव्हा फ्रेटची टोके कडेपासून किंचित आतच राहतील, आणि हाताला ती जाणवणार नाहीत.